अपघातानंतर गाडी दुरुस्त झाली, पण विकायची किंमत घटली. ही घट विम्यातून कशी मागायची? (अमेरिका)

तगर

नमस्कार मंडळी. इथे अमेरिकेत ही गोष्ट आपणहून कोणी सांगत नाही, म्हणून धागा काढतेय.

दुसऱ्याच्या चुकीने आपल्या गाडीला अपघात झाला, गाडी दुरुस्त होऊन आली, बघणाऱ्याला कळणारही नाही इतकी छान झाली, तरी बाजारात तिची किंमत उतरलेली असते. कारफॅक्सच्या, म्हणजे गाडीचा इतिहास सांगणाऱ्या रिपोर्टवर अपघाताची नोंद चढली की ती कायमची. ही जी घट होते तिला इथे 'डिमिनिश्ड व्हॅल्यू' म्हणतात, सगळे नुसतं डीव्ही म्हणतात. दुरुस्तीच्या पैशांशिवाय ही घट समोरच्याच्या विमा कंपनीकडून वेगळी मागता येते.

माझं असं झालं. मी अटलांटाजवळ राहते, म्हणजे राज्य जॉर्जिया. सिग्नलला थांबले असताना मागून पिकअप आदळला. पोलिसांच्या रिपोर्टात चूक पूर्णपणे त्याची. गाडी दोन वर्षांची एसयूव्ही, २८,००० मैल चाललेली, अपघाताआधी किंमत ३२,००० डॉलरच्या आसपास. दुरुस्तीचं बिल ११,००० च्या वर गेलं. बंपर, टेलगेट, मागचं बॉडी पॅनल आणि डावीकडचं क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा). पिकअपवाल्याच्या विमा कंपनीने हे बिल भरलं, भाड्याच्या गाडीचेही पैसे दिले. डीव्हीचा मात्र एक शब्द नाही. मी विचारल्यावर पत्र आलं : १,२८० डॉलर. सोबत आकडेमोडीचा एक कागद आणि सही करून पाठवायचं रिलीज, म्हणजे यापुढे दावा करणार नाही असं लिहून द्यायचा कागद.

नक्की किती फरक पडलाय हे बघायला मी एका डीलरकडे गाडी नेली. तिथल्या माणसाने बाहेरून फक्त एक चक्कर मारली. मग डिकी उघडली, गालिचा उचलला, स्टेपनी काढायला लावली आणि त्या खळग्यातल्या जोडावर टॉर्च धरला. "हा सीलर (जोडावरचा लेप) हाताने लावलाय, फॅक्टरीतला नाही," म्हणाला. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र पत्र्यावर टेकवत गेला, उजव्या बाजूला एक आकडा, डाव्या बाजूला त्याच्या दुपटीहून जास्त. मग कागदावर लिहून दिलं : आता २६,०००, अपघात नसता तर ३०,५००.

म्हणजे साडेचार हजारांचा फरक, आणि कंपनी देतेय तेराशेच्याही आत. हे सूत्र कुठून येतं, ते नाकारता येतं का, पुढे काय करायचं? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा. माझ्यासारखे अजून बरेच जण असतील.

---

पाणकणीस

तगर, सगळ्यात आधी : त्या रिलीजवर सही करू नका. चेक आला असेल आणि त्यावर 'फुल अँड फायनल' अशा अर्थाचं काही असेल तर तो वटवूही नका. एकदा सही झाली की पुढचं सगळं बोलणं संपलं.

मी काही वर्षं एका विमा कंपनीच्या क्लेम्स विभागात काम केलंय, आता क्षेत्र बदललंय. तुमच्या पत्रातलं सूत्र '१७सी' नावाने ओळखलं जातं आणि ते तुमच्याच राज्यातून निघालंय. २००१ साली जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅब्री विरुद्ध स्टेट फार्म या खटल्यात निकाल दिला की ग्राहकाने स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम केला तरी कंपनीने डीव्ही तपासून द्यायला हवी. मग हजारो क्लेम्सची मोजणी करायची कशी, म्हणून त्या प्रकरणात एक पद्धत ठरली. कागदपत्रांतल्या परिच्छेद १७, कलम सी मध्ये ती होती, म्हणून हे नाव. एका खटल्यातल्या एका कंपनीची ती सोय होती. आज इतर राज्यांतल्या, इतर कंपन्यांचे ॲडजस्टरही, म्हणजे क्लेमची रक्कम ठरवणारे लोक, ती कायदा असल्यासारखी पुढे करतात. ती कायदा नाही. जॉर्जियाच्या विमा आयुक्तांच्या कार्यालयानेच नंतर स्पष्ट केलं आहे की आम्ही कुठल्याही विशिष्ट सूत्राला मान्यता दिलेली नाही. तुमच्या उत्तरात हे वाक्य जरूर घाला.

आता तुमचा आकडा कसा आला ते बघा. किंमत ३२,०००, त्याचे दहा टक्के ३,२००. ही झाली कमाल मर्यादा. म्हणजे गाडी कितीही चेपली असली तरी घट दहा टक्क्यांच्या वर नाही, हे आधीच गृहीत धरलं. हे दहा टक्के का, याला काही आधार नाही. मग नुकसानीचा गुणक : ढाच्याला गंभीर मार असेल तर १, मोठं नुकसान ०.७५, मध्यम ०.५०, किरकोळ ०.२५. तुम्हाला मध्यम धरलंय, म्हणून १,६००. मग मैलांचा गुणक : २०,००० च्या आत १, त्यापुढे ४०,००० पर्यंत ०.८, असा उतरत जातो आणि एक लाखाला शून्य. तुमचे २८,००० मैल, म्हणून ०.८. झाले १,२८०.

मला यातली सर्वात अन्यायाची वाटणारी गोष्ट मैलांची. ३२,००० ही किंमत काढतानाच २८,००० मैल धरलेले असतात. म्हणजे त्याच मैलांसाठी दोनदा कापतात. आणि एक लाख मैलांच्या गाडीला अपघाताने काहीच घट येत नाही, हे तर कुठल्याही जुन्या गाड्यांच्या बाजारात जाऊन विचारा.

तुम्ही डीलरकडून लेखी घेतलंत हे फार चांगलं केलंत. असे आणखी दोन-तीन कागद जमवा, आणि प्रत्येकावर दोन्ही आकडे हवेत, अपघातासह आणि अपघाताविना. ॲडजस्टर एकाच डीलरचा आकडा 'एकाचं मत' म्हणून बाजूला सारतो. तिघांचे आकडे जवळपास आले तर सारता येत नाही.

---

गडवाट_७

वाचतोय. टेक्सासहून. मला एक शंका आहे आणि ती मनापासून आहे. दुरुस्ती झाली, भाड्याची गाडी मिळाली, गाडी नीट चालतेय. विकायची अजून पाच-सात वर्षं नसेल तर हा खटाटोप करावा का? जे नुकसान अजून झालंच नाही त्याचे पैसे मागणं मला जरा अवघड वाटतं. शिवाय आपला प्रीमियम वाढला तर?

---

पाणकणीस

गडवाट, नुकसान अपघाताच्या क्षणीच झालेलं असतं, विकताना ते फक्त दिसतं. तगरची गाडी धडकेआधी बत्तीस हजारांची मालमत्ता होती, दुरुस्तीनंतर ती तेवढ्याची नाही. उद्या अडचण आली आणि गाडी विकायला लागली तर? किंवा दुसऱ्या अपघातात गाडी टोटल झाली, म्हणजे दुरुस्त करण्यापलीकडे गेली, तर तिची स्वतःची कंपनीही आधीचा अपघात दाखवून किंमत कमी लावू शकते. त्या वेळी पहिल्या धडकेवाल्याकडे जायची मुदत संपलेली असेल.

मुदतही राज्याराज्यांत वेगळी आहे. वस्तूच्या नुकसानीसाठी दावा लावायला जॉर्जियात चार वर्षं, कॅलिफोर्नियात तीन, तुमच्या टेक्सासमध्ये दोनच, न्यू जर्सीत सहा. पण मुदत आहे म्हणून थांबू नका, बाजारभावाचे पुरावे ताजेच चांगले.

प्रीमियमचं म्हणाल, तर हा क्लेम आपल्या पॉलिसीवर नसतोच. तो चूक करणाऱ्याच्या लायबिलिटी कव्हरवर, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान भरून देणाऱ्या विम्यावर असतो.

---

गडवाट_७

समजलं, धन्यवाद. विकताना दिसतं हे पटलं.

मग टेक्सासबद्दल मला माहीत आहे ते लिहितो, कोणाला उपयोग होईल. इथे आपल्या स्वतःच्या कोलिजन कव्हरमधून, म्हणजे आपल्याच गाडीच्या धडकेच्या विम्यातून, डीव्ही मिळत नाही. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली शेफर खटल्यात सांगितलं की पॉलिसीत 'दुरुस्त करून देऊ' असं लिहिलंय, तर नीट दुरुस्ती झाली की कंपनीची जबाबदारी संपली. समोरच्याची चूक असेल तर त्याच्याकडून मात्र मागता येते. बहुतेक राज्यांत असंच आहे. जॉर्जिया वेगळं पडतं.

---

दीपमाळ

डेट्रॉइटजवळ असते, गाड्यांच्या बॉडी स्ट्रक्चरचं काम करते. तगर, तुमच्या लिस्टमधल्या एका ओळीवर मी अडकले : क्वार्टर पॅनल.

बंपर कव्हर, टेलगेट, दरवाजा, फेंडर हे नट-बोल्टवर बसणारे भाग. काढले, नवे लावले, रंगवले. क्वार्टर पॅनल तसं नाही. ते बॉडीलाच वेल्ड केलेलं असतं. बदलायचं तर कापून काढावं लागतं आणि नवं वेल्ड करावं लागतं. मागचं बॉडी पॅनलही तसंच. फॅक्टरीत हे जोड रोबो लावतात, नंतर अख्खी बॉडी गंजरोधक द्रावणात बुडवून काढतात. दुरुस्तीच्या दुकानात कितीही कुशल माणूस असला तरी ते बुडवणं परत होत नाही. तो आतून मेण फवारतो, सीलर लावतो, पण तो वेगळा थर. डीलरने टॉर्च तिथेच का धरला ते यावरून कळेल.

तेव्हा 'मध्यम नुकसान, ०.५०' हे मला मान्य नाही. बॉडी शॉपकडून शेवटचं बिल मागून घ्या, पहिलं एस्टिमेट नको. पहिलं एस्टिमेट गाडी उघडायच्या आधीचं असतं. उघडल्यावर जे सापडतं ते सप्लिमेंटमध्ये जातं. त्यात 'फ्रेम', 'रेल', 'पुल', 'सेट-अप अँड मेजर' असले शब्द दिसले तर त्याचा अर्थ गाडी फ्रेम मशीनवर चढवून ओढून सरळ केलीय. ती ओळ पिवळ्या पेनने रंगवून पत्राला जोडा. जोडाच. ॲडजस्टरकडे ते बिल असतंच, पण सूत्रात आकडा भरताना ते कोणी उघडून बघत नाही असा माझा समज झालाय.

रंगाच्या जाडीबद्दल : फॅक्टरीतला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. दुपटीच्या वर गेला की परत रंगवलंय, आणि त्याच्याही कितीतरी वर गेला तर खाली पुटी भरलीय. आकड्यांचे फोटो काढून ठेवा.

आमच्या मिशिगनची गोष्ट दुःखाची आहे. इथे नो-फॉल्ट कायदा. गाडीचं नुकसान आपलं आपण आपल्या कव्हरमधून भागवायचं. समोरच्याकडून 'मिनी टॉर्ट' नावाच्या तरतुदीखाली जास्तीत जास्त ३,००० डॉलर, तेही विम्याने न भरलेल्या नुकसानीचे आणि आपली चूक निम्म्याहून जास्त नसेल तरच. जुलै २०२० च्या आधी ही मर्यादा १,००० होती. इथे डीव्हीच्या नावाने मोठी रक्कम विसराच.

---

कोरांटी

दीपमाळ, किती छान समजावलंत! क्वार्टर पॅनलचं मला आज कळलं.

मी कॅलिफोर्नियातून. माझ्या भावाच्या बाबतीत कंपनीने पत्रांना उत्तर देणंच बंद केलं होतं. आम्ही स्मॉल क्लेम्सला, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात गेलो. तिथे दावा विमा कंपनीवर नाही, गाडी चालवणाऱ्यावर लावायचा असतो. त्याला नोटीस गेली की तो घाबरून आपल्या कंपनीला फोन करतो आणि मग तिकडे फाईल हलते. कॅलिफोर्नियात माणसाला १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्समध्ये लावता येतो आणि सुनावणीत कोणाच्याच बाजूने वकील उभा राहत नाही, त्यामुळे बरोबरीचं वाटतं.

न्यायाधीशांनी फार थोडं विचारलं. दुरुस्तीचं बिल बघितलं, कारफॅक्स बघितलं, आणि त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या, जवळपास तेवढ्याच मैलांच्या गाड्यांच्या जाहिराती बघितल्या. अपघात नसलेल्या एका बाजूला, नोंद असलेल्या दुसऱ्या बाजूला, अशा आम्ही मांडून नेल्या होत्या. ट्रिम, म्हणजे त्या मॉडेलची आवृत्ती, सारखी हवी, नाहीतर लगेच प्रश्न येतो.

कॅलिफोर्नियात ज्यूरीला ज्या ठरलेल्या सूचना देतात त्यांतही हे आहे की दुरुस्तीनंतर वस्तूची किंमत आधीपेक्षा कमी राहिली, तर दुरुस्तीचा खर्च आणि तो फरक दोन्ही द्यायचे. फक्त एकूण रक्कम आधीच्या किमतीच्या वर जाता कामा नये.

एक अडचण लक्षात ठेवा. समोरच्याची पॉलिसी अगदी किमान असेल तर पैसे तिथेच संपतात. कॅलिफोर्नियात मालमत्तेच्या नुकसानीचं किमान कव्हर वर्षानुवर्षं फक्त ५,००० डॉलर होतं, जानेवारी २०२५ पासून १५,००० झालंय. दुरुस्तीतच ते संपलं तर डीव्ही कुठून देणार?

---

तगर

सगळ्यांचे आभार. पाणकणीस, चेक अजून आलेला नाही आणि रिलीज तसंच पडलंय, काळजी नसावी. इथे किमान कव्हर २५,००० आहे, त्यामुळे दुरुस्ती आणि भाडं वजा जाऊनही जागा आहे.

अप्रेझर, म्हणजे किमतीतली घट मोजून देणारा जाणकार, नेमावा का? काही जण तीनशे-चारशे, काही त्याहून जास्त मागतात.

---

पाणकणीस

तुमच्या फरकाचा आकार बघता नेमावा. पण कोणाला नेमता ते बघा. इंटरनेटवर काही जण गाडी न बघता, फॉर्म भरून घेऊन, घसघशीत आकडा छापून देतात. तो रिपोर्ट ॲडजस्टर एका मिनिटात ओळखतो. जो गाडी स्वतः येऊन बघेल, बिल वाचेल, तुलनेच्या गाड्यांची यादी देईल आणि गरज पडली तर कोर्टात येऊन सांगायची तयारी दाखवेल, त्यालाच पैसे द्या. फरक हजार-बाराशेचाच असता तर मी नको म्हटलं असतं, डीलरांच्या कागदांवर भागतं.

आणि जॉर्जियात असल्याचा एक मोठा फायदा आहे, तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. जॉर्जियाच्या विमा कायद्यात, कलम ३३-४-७, समोरच्याच्या विमा कंपनीवरही मालमत्तेचा क्लेम प्रामाणिकपणे मिटवायची जबाबदारी टाकली आहे. तुम्ही नक्की रक्कम लिहून सर्टिफाइड मेलने, म्हणजे पोच मिळणाऱ्या टपालाने, मागणीपत्र पाठवायचं. कंपनीला ६० दिवस. तिने वाईट हेतूने नकार दिला आणि पुढे कोर्टात तुम्हाला निदान तेवढी रक्कम मिळाली, तर मूळ रकमेवर ५० टक्के किंवा ५,००० डॉलर, यांतलं जे जास्त असेल तिथपर्यंत दंड, शिवाय वकिलाचा वाजवी खर्च. म्हणून पत्रात आकडा फुगवू नका. कोर्टात सिद्ध करता येईल तोच लिहा. फुगवलात आणि कोर्टाने कमी दिलं तर हे कलम हातातून गेलं.

पत्र भावनेने लिहू नका, पण मिळमिळीतही नको. अपघाताची तारीख, क्लेम नंबर, पोलीस रिपोर्ट, शेवटचं बिल, डीलरांचे कागद, अप्रेझरचा रिपोर्ट, मागितलेली रक्कम, आणि "आपण वापरलेलं सूत्र मला मान्य नाही, कारण..." एवढं पुरे. फोनवरचं बोलणं झालं की त्याच दिवशी ईमेलने त्यांना कळवायचं, "आज आपलं असं बोलणं झालं."

---

दीपमाळ

+१, फोनवर काहीही मान्य करू नका.

---

वाळवंटी

ॲरिझोनाहून. माझी गाडी लीजवर आहे, मागच्या महिन्यात पार्किंगमध्ये ठोकली गेली. मला मिळेल का डीव्ही?

आणि कोणी सांगेल का, हे पैसे मिळाले तर टॅक्स लागतो?

---

पाणकणीस

लीजवर असेल तर मालक लीज कंपनी, त्यामुळे घट तिची. काही करारांत लीज संपताना घटलेल्या किमतीचा भार तुमच्यावर टाकलेला असतो, तो परिच्छेद आधी वाचा. तसं असेल तर लीज कंपनीला लेखी विचारा की क्लेम मी करू का. कर्जावर घेतलेली गाडी वेगळी, तिथे मालक तुम्हीच आणि क्लेमही तुमचाच.

टॅक्स : मालमत्तेची किंमत घटली म्हणून मिळालेली भरपाई गाडीसाठी तुम्ही मोजलेल्या किमतीच्या आत असेल तर केंद्रीय प्राप्तिकर लागत नाही. गाड्यांच्या बाबतीत ती जवळजवळ नेहमीच आत असते.

---

गडवाट_७

आणखी एक. चूक वाटून गेली असेल तर? आमच्या ओळखीत एकाला ७०-३० असं केलंय.

---

पाणकणीस

तेवढ्या प्रमाणात डीव्हीही कापली जाते. तीस टक्के चूक आपली असेल तर सत्तर टक्केच मिळणार. टेक्सासमध्ये आपली चूक ५० टक्क्यांच्या वर गेली तर काहीच नाही, जॉर्जियात बरोबर ५० झाली तरी काहीच नाही. त्यामुळे आधी चुकीच्या टक्केवारीवर भांडा, मग डीव्हीवर.

---

तगर

अपडेट द्यायला आले.

बॉडी शॉपकडून शेवटचं बिल मिळवलं. दीपमाळ, तुमचा शब्द न् शब्द खरा. सप्लिमेंटमध्ये डाव्या मागच्या रेलचं पुलिंग आणि मोजमाप दोन्ही आहे, आणि पहिल्या एस्टिमेटमध्ये त्याचा उल्लेखही नव्हता. अप्रेझर घरी येऊन गाडीखाली झोपून बघून गेला, त्याने ४,३०० काढले. डीलरांचे बाकीचे कागदही त्याच्या आसपासचे. मी ४,३०० चं मागणीपत्र कलम ३३-४-७ चा उल्लेख करून सर्टिफाइड मेलने पाठवलं.

आधीच्या ॲडजस्टर बाई गेल्या, फाईल वरच्या माणसाकडे आली. त्याने आधी २,४०० म्हटलं, म्हणजे नुकसानीचा गुणक ०.७५ करून आणि मैलांची कपात काढून टाकून. मी रेलची ओळ दाखवली आणि विचारलं, ढाचा ओढून सरळ केलेली गाडी तुम्ही किती कमी किमतीला घ्याल? त्यावर तो काही बोलू शकला नाही. शेवटी ३,९०० वर मिटलं. अप्रेझरचे पैसे त्यातून गेले तरी पहिल्या आकड्यापेक्षा खूप वर आहे. कोर्टात आणखी थोडे मिळाले असते कदाचित, पण मला ही रक्कम मान्य आहे. नव्या रिलीजमध्ये फक्त मालमत्तेच्या नुकसानीचा उल्लेख आहे ना, हे वाचून मग सही केली. मानेचं दुखणं अजून आहे, त्याचा क्लेम वेगळा चालू आहे.

ज्यांना मागणीपत्राचा मसुदा हवाय त्यांनी निरोप टाका. माझे तपशील काढून पाठवते.

---

कोरांटी

अभिनंदन तगर! आणि रिलीजचं शेवटचं वाक्य लिहिलंत ते बरं केलंत, माझ्या भावाला पाठवलेल्या कागदात 'सर्व दावे' असं होतं, आम्ही ते खोडून बदलून घेतलं.

---

वाळवंटी

मला मसुदा हवाय, निरोप टाकलाय. लीजचा करार काढून बसलोय, परिच्छेद सापडला की इथे लिहितो.